नवमीचा विसावा

"मग घाल की! घाल त्येचं नाव! सख्ख्या दिराचं नाव घालून मोठी हो!" राजाबाईंनी सोलायला घेतलेला लसूण सुपात आपटला. "परक्याची पोर वाचवायला घरातल्याच्या ताटात माती कालवायची. ह्येच शिकलीस काय त्या कंप्युटरात?"

"आत्ती, मी अजून एक अक्षर लिहिलेलं न्हाय," पूर्णिमा सासूला म्हणाली.

"लिहिलं नसशील. पण मनात काय हाय ते तोंडावर दिसतंय तुझ्या."

"लिहू दे की," चुलीपुढून जाऊ, जयाबाई म्हणाली. तिचा आवाज कायम असा खालच्या पट्टीतला, आणि म्हणूनच जास्त लागणारा. "लिहायलाच पाहिजे तर त्या हुबळीच्या पोरीचं लिही. ती काय आपल्या दारात येऊन बसणार हाय? आणि आमच्या ह्यांना काढलं तर ह्ये मात्र रोज तुझ्याच डोळ्यांसमोर बसणार. बघवंल तुला?"

रविवार होता. बेळगुंदीतल्या त्या घरात रविवारी सगळे एकत्र जेवायचे, पण आज भाकऱ्या बडवून टोपलीत गार होत चालल्या होत्या आणि कुणी पाटावर बसायला तयार नव्हतं. ज्याच्यावरून हे चाललं होतं तो मष्णू, पूर्णिमाचा थोरला दीर, सोप्यात खांबाला टेकून बसला होता. सोसायटीच्या वॉचमनचा निळा शर्ट धुऊन दोरीवर वाळत होता, त्याकडं बघत.

उद्या, सोमवारी, तिला रिपोर्ट द्यायचा होता. दसऱ्यानंतर सोसायटीचे कंप्युटर का तुंबले आणि चूक कुणाची. त्याच मीटिंगमध्ये मष्णूला कायम करायचा ठरावही यायचा होता. दोन कागद एकाच टेबलावर येणार होते, आणि पहिल्यात काय असेल त्यावर दुसऱ्याचं भवितव्य होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शाळेत न गेलेल्या राजाबाईंनासुद्धा.

पूर्णिमा मूळची निपाणीकडची. बी.कॉम. झाल्यावर लग्न होईपर्यंत हातात काहीतरी असावं म्हणून तिनं बेळगावात कंप्युटरचा क्लास केला आणि ह्याच सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, नावनोंदणी करायला लागली. तेव्हा खतावण्यांतून कंप्युटरवर नावं चढवायचं काम होतं. दोन-अडीच वर्षं ती फक्त नावं चढवत होती. पुढं मशीन बंद पडलं की आलेल्या मेकॅनिकच्या पाठीशी उभी राहून तो काय करतो ते बघायची. पुढं मेकॅनिक यायच्या आधीच ती ते करून मोकळी व्हायची. असं करत करत ती सिस्टीम मॅनेजर झाली. म्हणजे पाटीवर झाली. शाखा वाढल्या, पिरनवाडी, सांबरा, खानापूर, निपाणी. प्रत्येक शाखेचं दुखणं तिच्या मोबाइलवर यायला लागलं. घरात मात्र तिच्या कामाचं वर्णन एवढंच होतं: 'कंप्युटरवर बसती.' बसते म्हणजे विश्रांतीच की. त्यामुळं घरी आल्यावर उभ्यानं करायची सगळी कामं तिच्यासाठी राखून ठेवलेली असायची.

मष्णूला सोसायटीत लावलं ते तिनंच. उद्यमबागेतली त्याची फौंड्री बंद पडली आणि तो घरी बसला. बसलेला पुरुष घरात किती जागा अडवतो ते पूर्णिमाला तेव्हा कळलं. जयाबाई बोलायची बंद झाली, राजाबाई सारख्या देवापुढं. शेवटी तिनंच चेअरमन केशवरावांपुढं शब्द टाकला. हेड ऑफिसला वॉचमन म्हणून मष्णू लागला. पहिल्या दिवशी त्यानं शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. तेव्हापासून जयाबाईचा आवाज घरात परत ऐकू यायला लागला.

आणि यंदा दसऱ्याच्या सुट्टीत हे अपग्रेड आलं.

डेटाबेसची जुनी आवृत्ती काढून नवी घालायची होती. सोसायटी सलग बंद असते ते दिवस बघून हुबळीच्या कंपनीनं अष्टमी ठरवली. कंपनीकडून सौम्या नावाची मुलगी होती, फोनवर. ती तिकडून करत होती, पूर्णिमा इकडं हेड ऑफिसातल्या मुख्य मशीनपाशी, सर्व्हरपाशी. सौम्याच्या मागं तिचं तान्हं रडायचं, ती त्याला कानडीत गप्प करायची, आणि परत मराठीत, "हां मॅडम, आता पुढचं." संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. शेवटी सौम्या म्हणाली, "मॅडम, आता फक्त मशीन चालू ठेवा. उद्या दिवसभर ते सगळी मोजणी परत करंल. मी टाइम लावून ठेवली आहे."

"ठेवते," पूर्णिमा म्हणाली, आणि पर्स घेऊन निघाली. तिच्या डोक्यात तेव्हा भाजी होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ह्या घरात नवमीला नांगर, कुऱ्हाड, खुरपं सगळं धुऊन पूजेला मांडतात, आणि पूजेला मांडलं की त्याला दसरा उजाडेपर्यंत हात लावत नाहीत. विळीसुद्धा पूजेला जाते. म्हणून नवमीची भाजी अष्टमीलाच चिरून ठेवायची. जयाबाईचे गुडघे धरलेले, तेव्हा ते काम पूर्णिमाकडं. बसमध्ये उभ्यानं ती हिशेब करत होती, वांगी चिरून ठेवली तर काळी पडतील, त्यापेक्षा दोडका बरा.

सुट्टी संपली आणि सोसायटी उघडली. पहिलाच फोन निपाणीचा. "मॅडम, काय करून ठेवलायसा? एक नाव काढायला चहा पिऊन हुतोय!" मग खानापूर. मग सांबरा. पिरनवाडीच्या काउंटरवर रुक्माबाई म्हणून एक म्हातारी होती, दिवाळीच्या भिशीचे पैसे न्यायला आलेली. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. ती काउंटरवरच्या पोरीला म्हणाली, "अगं, माझं नाव गावंना झालंय व्हय? मेले बिले न्हाय न्हवं मी? बघ नीट." मागची रांग हसली. पोरगी रडकुंडीला आली.

दिवाळी तोंडावर. भिशी वाटायची, ठेवी मोडायच्या, रांगा दारातून रस्त्यावर. पूर्णिमा सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. तिनं वायरी बदलल्या. मेमरी बघितली, डिस्क बघितली, शाखांच्या लायनी तपासल्या, रात्रीचा बॅकअप दिवसा तर चालत नाही ना ते पाहिलं. सगळं ठीक, आणि तरी सगळं मंद. अंगात ताप नाही, दुखणं नाही, आणि माणूस उठत नाही, अशी गत. सौम्या रोज फोनवर. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "मॅडम, नवमीला मशीन चालू होतं ना?" आणि पूर्णिमानं "होतं की" म्हणून सांगितलं होतं. ठेवते म्हटलं होतं, म्हणजे होतं. सौम्यानं ती शक्यता खोडून टाकली आणि दोघी नसलेल्या दुखण्यावर औषध शोधत बसल्या. हुबळीचा साहेब म्हणाला, मशीनच नवीन घ्या. चेअरमन म्हणाले, "मॅडम, मला टेक्निकल काय सांगू नका. मला एक नाव सांगा."

सापडलं ते शुक्रवारी. पूर्णिमा तेव्हा फार हुशारीनं काही करत नव्हती. थकून गेली होती, आणि थकलेलं माणूस जसं तेच तेच परत बघत बसतं, तसं बघत होती. एखादं नाव शोधायच्या आधी डेटाबेस मनाशी एक अंदाज बांधतो, की ह्या ठिकाणी किती माणसं असतील. चार-दोन असतील तर एकेकाचं तोंड बघत जातो. गर्दी असेल तर सूची उघडून नेमका तिथंच जातो. तिनं तो अंदाज पडद्यावर काढला. सीमाभागातल्या गावोगावचे इतके सभासद, आणि मशीनच्या मते तिथं मूठभर माणसं होती. म्हणून ते बिचारं पहिल्यापासून एकेकाचं तोंड बघत चाललं होतं, प्रत्येक नावासाठी, प्रत्येक वेळी. नवीन सून जशी हिंगासाठी फळीवरचा प्रत्येक डबा उघडत जाते. डबे सगळे जागेवर असतात. कशात काय आहे ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणजे मोजणी झालीच नव्हती. का झाली नव्हती म्हणून तिनं मशीनची नोंद काढली. नवमीला सकाळी बंद. दसऱ्यानंतर चालू. ही ओळ तिनं आधी चारदा तरी वाचलेली होती. वाचून पुढं गेली होती, कारण त्यात वाचण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. नवमीला मशीन बंदच असतं. दर वर्षी असतं. दर वर्षी ती स्वतःच बंद करायची, त्याला झेंडूची माळ घालायची, आणि चेअरमन नारळ फोडायचे. यंदा तेवढी जयाबाईच्या गुडघ्यांमुळं घरची पूजा तिच्यावर आली, म्हणून ती गेली नव्हती.

तिनं मोजणी हातानं चालू केली आणि डबा उघडून बसली. भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात होता तेव्हा निपाणीचा फोन आला. "मॅडम, पळालं की ओ! काय केलासा?" आनंद व्हायला पाहिजे होता. तिला नुसती झोप आली.

त्या संध्याकाळी परड्यात मष्णू सायकल पुसत होता. तिनं विचारलं, "भावजी, नवमीला मशीन तुम्ही बंद केलासा व्हय?"

"केलो की," तो अभिमानानं म्हणाला. "खोली झाडलो, पुसलो, कुंकू लावलो, कोहळा फोडलो. तू न्हवतीस तर मीच केलो सगळं. मेन स्विच पाडलो. वरीसभर राबतंय ते. बैलाला बी एक दीस जू लावत न्हाईत, मग त्येला काय जीव न्हाय?"

त्याच्या चेहऱ्यावर कुठं पाप नव्हतं. तिनं फक्त "बरं" म्हटलं आणि आत गेली. पण जयाबाईनं ते ऐकलं होतं, आणि शनिवारी केशवरावांनी रिपोर्ट मागितला तेव्हा पूर्णिमानं तो फोन घरातूनच घेतला होता. एवढं पुरे होतं. शनिवारपासून घर नुसतं धुमसत होतं, आणि आज रविवारी त्यानं पेट घेतला.

"मी काय म्हंतो," ज्योतिबा, तिचा नवरा, आता मध्ये पडला. त्याचं मध्ये पडणं म्हणजे दोन्हीकडची भाकरी पलटायची आणि कुठलीच भाजायची नाही. "नाव कशाला कुणाचं? 'तांत्रिक कारण' लिही. मोघम."

"तांत्रिक म्हणजे कोन? तांत्रिक म्हणजे हुबळीवाले. त्यांचं काँट्रॅक्ट जाणार, आणि कंपनी त्या सौम्याला घरला घालवणार."

"जाऊ दे की. तिला दुसरी मिळंल. शिकलेली हाय."

"मी बी शिकलेलीच हाय. मला कुठं मिळाली दुसरी?"

"तू कुठं बघितलीस?" जयाबाई म्हणाली.

हे खरं होतं. पूर्णिमा उठली, टोपलीतल्या भाकऱ्यांवर फडकं टाकलं. काहीतरी करायला पाहिजे म्हणून टाकलं.

"पूर्णिमा," राजाबाईंचा सूर आता उतरला. रागापेक्षा हा सूर वाईट. "हे बघ गं. तूच लावलीस त्येला. तुझे उपकार हाईत, मी न्हाय म्हनत न्हाय. उतारवयात कायम हुतोय माझा ल्योक. तू हातानं लावलेलं हातानं उपटू नगंस. त्यानं काय चोरी केली काय? देवाचंच केलं न्हवं?"

"चोरी कुठं म्हनालेय मी?"

"मग लिहायचं कशाला?"

तिच्याकडं उत्तर होतं, पण ते या सोप्यात सांगायचं उत्तर नव्हतं. ते असं की सौम्यानं सगळं बरोबर केलं होतं. आणि 'तिनं चुकीचं केलं' असं पूर्णिमानं एकदा सहीनिशी लिहिलं, की पुढच्या वेळी मशीन अडलं तर स्वतःवर विश्वास कसा ठेवायचा? खरं काय झालं ते शोधणं, एवढं एकच काम तिला येत होतं. बाकी सगळं, भाजी, भाकरी, सून, जाऊ, ते जमवलेलं होतं.

मोबाइल वाजला. सौम्या. रविवार, तरीही सौम्या. पूर्णिमानं तो सगळ्यांसमोरच घेतला; बाहेर जायची ताकद तिच्यात नव्हती.

"मॅडम, डिस्टर्ब केले का? जेवण झालं?" मागं तान्हं रडत होतं. "त्यांनी तुमची सोसायटी माझ्याकडून काढून घेतली, मॅडम. उद्या साहेब बोलवले आहेत. मी सगळं पहिल्यापासून परत बघितले, रात्री बसून. मला चूक सापडत नाही. तुम्ही शुक्रवारी काय केल्यावर चालू झालं ते तेवढं सांगा ना. काय चुकलं ते कळलं तर पुढं करणार नाही मी."

पूर्णिमानं डोळे मिटले. "उद्या रिपोर्ट देणार हाय मी. त्याची प्रत तुला पाठवते. त्यात सगळं असंल."

"माझं काय लिहिता, मॅडम?"

"उद्या वाच. बाळाला घे आधी, किती रडतंय."

तिनं फोन ठेवला. त्या तान्ह्याचं रडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. जयाबाईसुद्धा चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करत होती. पण ती लगेच सावरली. "लेकरं सगळ्यांनाच असत्यात," ती म्हणाली.

तेव्हा मष्णू पहिल्यांदा बोलला. खांबाला टेकलेला तो सरळ झाला. "मला एक सांग, पूर्णिमा. अष्टमीला सांजच्याला तू गेलीस. मी गेटावर हुतो. तू 'येते भावजी' म्हनालीस, मी 'ये' म्हनालो. बरोबर?"

"बरोबर."

"तवा एक शब्द बोलली असतीस. 'भावजी, यंदा बंद करू नका.' एवढाच. मी काय वाघासारखा अंगावर येनार हुतो? कोहळा फोडलो असतो आणि चालू ठेवलो असतो. देव काय मेन स्विच बघत बसतोय व्हय?" त्याचा आवाज चढला होता, आणि चढता चढता फाटला. "दर वर्षी तूच बंद करतीस. मी तुझं बघून केलो. आणि आता माझं नाव!"

राजाबाई लेकाकडं बघत होत्या, ज्योतिबा जमिनीकडं.

पूर्णिमाला राग आला नाही. तिला वाटलं, शनिवारपासून एवढं बोलणं झालं, आणि खरं तेवढं हाच माणूस बोलला. अष्टमीच्या संध्याकाळी तिच्या डोक्यात दोडका होता. उद्या घरातली विळी विसावणार हे तिच्या पक्कं ध्यानात होतं, आणि सर्व्हर विसावेल हे नव्हतं. सौम्यानं विचारलं तेव्हा न बघता 'होतं की' म्हणाली तीही तीच. मशीन मष्णूनं बंद केलं. पण पुढच्या सगळ्या रांगा, ती पिरनवाडीची म्हातारी, सौम्याचे जागलेले डोळे, ते तिच्या त्या दोन शब्दांनी ओढवलेलं. शुक्रवारपासून ती मष्णूचं नाव घालायचं की नाही एवढाच विचार करत बसली होती. घरातले सगळे त्याच एका नावाभोवती भांडत होते. तिचं नाव कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिच्याही नाही.

आणि घातलं तर काय होईल तेही तिला दिसत होतं. केशवराव म्हणतील, मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. यंदाची बढती अडेल. कदाचित हुबळीच्या कंपनीचाच एखादा पोरगा आणून तिच्या खुर्चीशेजारी बसवतील. मष्णूचा ठराव पुढं ढकलतील, किंवा ढकलणार नाहीत. सिस्टीम बघणाऱ्या बाईनंच सांगितलं नाही म्हटल्यावर वॉचमनला काढायला तोंड राहणार नाही, असं तिला वाटत होतं. वाटत होतं एवढंच. खात्री कशाचीच नव्हती. घरात तर कुणीच तिचं भलं म्हणणार नव्हतं. जयाबाई निदान दिवाळी होईपर्यंत तिच्याशी बोलणार नव्हती, आणि नंतर बोलेल ते न बोलण्यापेक्षा वाईट असेल.

पाय दुखत होते. तिनं पाट ओढला आणि त्यावर बसली. ताट नव्हे, नुसता पाट.

"हां, बस," ज्योतिबा हायसं वाटून म्हणाला. "जेवून घेऊ. रिकाम्या पोटानं काय ठरतंय काय?"

"ठरलंय," पूर्णिमा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. चढवायला शिल्लकच नव्हता. "उद्या मी रिपोर्ट देणार. मशीन चालू ठेवायचं हुतं ते मी वॉचमनला सांगितलं न्हाय, आणि चालू हुतं की न्हाय ते न बघता हुबळीला हुतं म्हनून सांगितलं. हे पहिलं. ते भावजींनी दर वर्षासारखं बंद केलं, हे दुसरं. दोन्ही नावं असनार, माझं वर. सौम्याचं नाव त्यात येनार न्हाय."